बंदी उशिरा येते, अंग आजच झाका



पिकावरची कीड, तिचे औषध आणि त्याचे प्रमाण याविषयी आपण रेडिओवर नेहमी ऐकता. या पत्रिकेत थोडा वेगळा विषय घेतला आहे. फवारणीचे औषध आपल्याकडे कधी आले, त्याने काय भले केले, काय बिघडवले, आणि बिघडलेले कळायला किती वर्षे लागली, याचा हा थोडक्यात इतिहास. इतिहास कशाला, असे कुणी विचारील. बांधावर गेलो की एक वाक्य हमखास कानावर येते : "साहेब, तीस वर्षं झाली मारतोय, मला काय झालं?" त्या वाक्याचे उत्तर या इतिहासात आहे.

काजळीची गोष्ट

सुरुवात थोडी लांबून, इंग्लंडमधून करू. लंडन शहरात घरोघरी कोळशाच्या शेगड्या असत. त्यांची अरुंद धुराडी खरवडायला लहान पोरांना आत चढवीत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने लिहून ठेवले, की ही पोरे मोठी झाली म्हणजे त्यांच्यातल्या अनेकांना अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे. धंद्यात हाताळलेल्या पदार्थाने कर्करोग होतो, हे दाखवणारी ही पहिली मोठी नोंद.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, काजळी कुणी खाल्ली नव्हती, ती कातडीच्या घडीत बसली होती. दुसरी, रोग लगेच नव्हे, कित्येक वर्षांनी वर आला. आणखी एक गोष्ट पुढे दिसली. युरोपातल्या ज्या भागांत हे कामगार अंगभर कपडे घालत आणि काम संपल्यावर रोज अंग धूत, तिथे हा रोग विरळाच होता. काजळी तीच, काम तेच. फरक पडला तो कपड्याने आणि आंघोळीने.

डीडीटी आणि गॅमेक्झिन

आता आपल्या गावाकडे येऊ. डीडीटीने किडे मरतात, हे पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली शोधले. त्याबद्दल त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. आपला मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. घराच्या भिंतीवर डीडीटी मारणारी माणसे जुन्या मंडळींना अजून आठवतात. १९६५ पर्यंत हिवतापाचे रोगी लाखाच्या आसपास आले. हे उपकार नाकारून चालणार नाही.

त्याच काळात बीएचसी आले. १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे त्याचा कारखाना निघाला. गावात याला गॅमेक्झिन पावडर म्हणत. माझे आजोबा सांगत, की पातळ फडक्यात किंवा जुन्या पायमोज्यात पावडर भरायची आणि ज्वारीच्या ओळीतून झटकत जायचे. संध्याकाळी भुवया पांढऱ्या होत. हात धोतराला पुसले की झाले. पावडर स्वस्त होती, कीड मरत होती, आणि माणूस दुसऱ्या दिवशी ठणठणीत उठत होता. मग भ्यायचे कशाला?

कायदा का झाला

१९५८ साली केरळात एक भयंकर प्रकार घडला. जहाजातून गव्हाच्या पिठाची पोती आली. त्याच जहाजात फॉलिडॉल म्हणजे पॅराथिऑन हे कीटकनाशक होते. ते गळून पोत्यांत मुरले. त्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ पासून तो लागू झाला. नोंदणी, परवाना, डब्यावरचे लेबल, त्यावरचा रंगीत त्रिकोण, हे सारे या कायद्याने आले.

पण कायद्याने तात्काळ मारणाऱ्या विषाची दखल जेवढी घेतली, तेवढी हळूहळू भिनणाऱ्या विषाची घेतली गेली नाही. डीडीटी आणि बीएचसी लवकर विरत नाहीत. ती मातीत राहतात, चाऱ्यातून जनावरात जातात, चरबीत साठतात आणि दुधातून बाहेर येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले. त्याचा अहवाल १९९३ साली आला. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचा अंश निघाला. म्हणजे शेतात झटकलेली पावडर फिरून लेकराच्या वाटीत आली होती.

शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झाले, बीएचसी १९९७ साली. बीएचसीतला कीड मारणारा मुख्य घटक म्हणजे लिंडेन. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेन माणसात कर्करोग घडवते असे जाहीर केले. शरीरातल्या लसिका ग्रंथींचा कर्करोग त्याने होतो, हा पुरावा मुख्यतः शेतात ते हाताळणाऱ्यांच्या पाहणीतून मिळाला. डीडीटीलाही त्या वेळी 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले.

आता हिशेब करा. रिश्राचा कारखाना १९५२ चा, बंदी १९९७ ची, आणि कर्करोगाचा निर्वाळा २०१५ चा. एकूण ६३ वर्षे. या ६३ वर्षांत फडके झटकणाऱ्याला कोणी काही सांगू शकले नाही, कारण सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हते.

कापूस, तूर आणि सोयाबीन

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा नांदेड-४४ हा संकरित वाण ऐंशीच्या दशकात आला आणि घरोघरी गेला. संकरित कापसाबरोबर फवारण्याही वाढल्या. बीटी वाण २००२ साली आले. त्याआधी देशातल्या लागवडीच्या सुमारे ५ टक्के क्षेत्रावरचा कापूस देशातली जवळजवळ निम्मी कीटकनाशके खात होता. बीटीने बोंडअळीच्या फवारण्या काही वर्षे कमी केल्या. पुढे मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि नंतर गुलाबी बोंडअळीपायी पंप पुन्हा पाठीवर आला.

कापसावर आणि तुरीवर मारले जाणारे एंडोसल्फान आपणांस आठवत असेल. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर ते सुमारे वीस वर्षे विमानातून फवारले गेले. तिथल्या गावांत जन्मजात व्यंग आणि मेंदूचे विकार असलेली मुले मोठ्या संख्येने आढळली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फान थांबवले.

लातूर भागात सोयाबीन वाढले तशी तणनाशके वाढली. त्यातल्या ग्लायफोसेटला वर सांगितलेल्या संस्थेने २०१५ साली 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. युरोप-अमेरिकेच्या नियामक संस्थांना ते मान्य नाही. वाद चालू आहे. पण काजळीपासूनचा इतिहास पाहता, वाद मिटेपर्यंत उघड्या अंगाने फवारत राहणे शहाणपणाचे नाही.

यवतमाळ, २०१७

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याची गोष्ट ताजी आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कापूस डोक्याएवढा वाढला होता. हवा दमट आणि उकाड्याची. दोन-तीन औषधे एकत्र करून, जोराच्या यंत्रपंपाने, अंग न झाकता फवारणी झाली. शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले, वीसहून अधिक दगावले. नांदेडची हद्द ओलांडली की यवतमाळ. पीक तेच, पंप तोच. त्यानंतर शासनाने पाच औषधांवर त्या भागात दोन महिन्यांची बंदी घातली.

२०१८ साली केंद्र सरकारने १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. मिथाईल पॅराथिऑन आणि कार्बारिल, म्हणजे आपले सेविन, लगेच बंद झाले. फोरेट म्हणजे थिमेट, डायक्लोरव्हॉस म्हणजे नुव्हान, आणि फॉस्फामिडॉन ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. आपल्या आखाड्यावर यातला जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका.

त्रिकोण काय सांगतो

डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आपण पाहता. लाल म्हणजे अतिविषारी. पण हा रंग पोटात किंवा कातडीतून गेल्यास लवकर किती घातक, एवढेच सांगतो. वीस वर्षांनी कर्करोग होईल की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून हिरवा त्रिकोण दिसला की हाताने ढवळायचे, ही समजूत सोडा.

"मला काय झालं?" याचे उत्तर असे. कर्करोग प्रत्येकाला होत नाही, आणि प्रत्येक कर्करोग औषधामुळेही होत नाही. तंबाखू तर सर्वांत मोठे कारण आहे. पण धोका वाढतो, आणि तो आज दिसत नाही. कोणत्या औषधावर उद्या बंदी येईल हे मलाही सांगता येणार नाही. कातडी झाकली तर मात्र सगळ्याच औषधांपासून बचाव होतो.

एवढे कराच

१. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार, रबरी हातमोजे, बूट, चष्मा आणि तोंडाला मास्क वापरा. वाढलेल्या पऱ्हाटीत पुढून-मागून प्लॅस्टिक बांधा.

२. औषध काडीने ढवळा. शिफारस नसताना दोन औषधे एकत्र करू नका.

३. वाऱ्याच्या दिशेने, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. भर उन्हात नको.

४. फवारताना तंबाखू मळू नका. औषधाचा हात आणि तंबाखू, दोन्ही विषे एकदम तोंडात जातात.

५. काम संपताच साबणाने आंघोळ करा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. धुणाऱ्या माउलीच्याही हातात मोजे हवेत. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका आणि मुले यांना फवारणीपासून दूर ठेवा.

६. रिकामा डबा भोक पाडून निकामी करा. त्यात तेल, पाणी, धान्य ठेवू नका.

७. घाम, लाळ, मळमळ, अंधारी किंवा अंग फडफडणे जाणवल्यास काम थांबवा, कपडे काढा, अंग धुवा आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. औषधाचा डबा सोबत न्या. कोणते विष गेले हे कळले तरच डॉक्टरांना योग्य उतारा देता येतो.

८. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्याशिवाय फवारू नका. निंबोळी अर्क, कामगंध सापळे आणि पक्षिथांबे आधी वापरा. जेवढ्या फवारण्या टळतील, तेवढे पैसे वाचतील आणि तेवढे विषही टळेल.

बंधू-भगिनींनो, आपल्या आजोबांना कोणी सांगितले नव्हते. आपल्याला आता माहीत आहे. पुढच्या फवारणीआधी ही पत्रिका घरात मोठ्याने वाचून दाखवा, आणि पंप पाठीवर घेणाऱ्या आपल्या मजुरालाही ऐकवा. हातमोजे त्यालाही द्या.