व्हेरिएबल एनडी फिल्टरची कुळकथा

लेन्सच्या तोंडावरचे कडे फिरवून आत येणारा प्रकाश हवा तेवढा मंद करणाऱ्या साधनाला छायाचित्रणात व्हेरिएबल एनडी फिल्टर म्हणतात. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी, अर्थात सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात अडवणारी करडी घनता. या घनतेचे लॉगरिथमवर आधारलेले माप हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये 1890 साली रूढ केले; त्यानुसार 0.3 घनतेची काच प्रकाश निम्मा करते आणि या निम्मेपणालाच छायाचित्रकार एक स्टॉप म्हणतात. साध्या एनडी काचेची घनता कायमची ठरलेली असते. ती बदलती करणाऱ्या फिल्टरमागचे तत्त्व, त्याला लागणारे द्रव्य आणि त्याची गरज या तिन्ही गोष्टी मात्र वेगवेगळ्या काळात, एकमेकींचा पत्ता नसताना जन्मल्या.

तत्त्वाचा माग आइसलँडमध्ये सापडणाऱ्या कॅल्साइटच्या पारदर्शक स्फटिकापर्यंत जातो. त्यातून पाहिल्यास एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे कोपनहेगनच्या बार्थोलिन यांनी 1669 मध्ये नोंदवले. ह्युगेन्स यांच्या 1690 मधील ग्रंथात पुढची पायरी आहे: असे दोन स्फटिक एकापुढे एक ठेवून त्यांतला एक फिरवला, की किरण उजळतात आणि मावळतात, पण याचे कारण त्यांना सांगता आले नाही. 1808 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले ऊन मालूस यांनी अशाच स्फटिकातून पाहिले, तेव्हा तो फिरवताच प्रतिमांची तेजस्विता बदलू लागली. प्रकाशलहरींची कंपने एकाच प्रतलात बांधली जाण्याच्या या घटनेला ध्रुवण म्हणतात आणि ते घडवणाऱ्या माध्यमाला ध्रुवक. दोन ध्रुवकांमधील कोनाच्या कोज्येच्या वर्गाइतका प्रकाश दुसऱ्यातून पार होतो, हा मालूस यांचा नियम म्हणजेच आजच्या फिल्टरचे गणित आहे.

नियम हाती होता, तरी लेन्स झाकेल एवढा रुंद ध्रुवक शतकभर उपलब्ध नव्हता. एडिंबरोच्या निकोल यांचा 1828 चा लोलक उत्तम काम देई, परंतु त्याचा आकार स्फटिकाच्या आकारापलीकडे जाऊ शकत नसे. वाट निघाली ती अनपेक्षित जागी. 1852 मध्ये ब्रिस्टलचे वैद्य हेरापथ यांच्या शिष्याने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले, तेव्हा त्यात हिरवे स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिथे एकमेकांवर आडवे पडलेले असत, तिथे काही ठिकाणी उजेड, तर काही ठिकाणी गडद काळोख दिसे. हे स्फटिक मोठे वाढवणे अवघड होते. अमेरिकेतील एडविन लँड यांनी तो नाद सोडून असंख्य अतिसूक्ष्म स्फटिक एकाच दिशेने रांगेत बसवले आणि 1929 मध्ये अशा पातळ पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1938 मध्ये ताणलेल्या प्लॅस्टिकला आयोडीन पाजून त्यांनी अधिक चांगला पत्रा बनवला. याच सुमारास अमेरिकेतील एका रेल्वे डब्याच्या गोल खिडक्यांना अशा दोन तबकड्या बसवण्यात आल्या आणि प्रवासी आतली मूठ फिरवून ऊन कमी-जास्त करू लागले. रचनेच्या दृष्टीने हाच व्हेरिएबल फिल्टर होय.

छायाचित्रकाराला त्याची निकड नव्हती, कारण स्थिरचित्र घेताना शटरचा वेग वाढवला की काम भागे. चलच्चित्रात ही मोकळीक नसते: सेकंदाला 24 चौकटी टिपताना हालचाल सहज दिसावी म्हणून प्रत्येक चौकटीला साधारण 1/48 सेकंद प्रकाश दिला जातो, आणि मग भर उन्हात ॲपर्चर बारीक केल्यास पार्श्वभूमी धूसर ठेवता येत नाही. अमेरिकेच्या सिंग-रे कंपनीचा 2 ते 8 स्टॉपचा व्हॅरी-एनडी धबधबे रेशमासारखे टिपणाऱ्या निसर्ग छायाचित्रकारांना ठाऊक होता. परंतु 2008 मध्ये कॅननच्या 5डी मार्क 2 या कॅमेऱ्याने एकट्यादुकट्या छायाचित्रकाराच्या हाती दर्जेदार व्हिडिओ दिला, त्यानंतर या फिल्टरचा प्रसार झपाट्याने झाला. 2015 मध्ये सोनीच्या एफएस5 कॅमेऱ्यात तर काच फिरवण्याऐवजी विजेने घनता बदलणारा एनडी आतच बसवलेला होता.

फिल्टरचे गुणदोष या कुळातूनच आले आहेत. पहिला ध्रुवकच निम्म्याहून अधिक प्रकाश घेत असल्याने त्याची सुरुवात शून्य स्टॉपपासून होऊ शकत नाही. पहिल्या 45 अंशांत जेमतेम एक स्टॉप वाढतो, तर 60 ते 85 या अंशांदरम्यान तब्बल पाच. म्हणून शेवटी कडे केसभर सरकले तरी चित्र काळवंडते. रुंद कोनाच्या लेन्समध्ये तिरपे येणारे किरण दोन्ही ध्रुवकांना समान कोनात भेटत नाहीत आणि चित्रावर काळी फुली उमटते. शिवाय पुढचा ध्रुवक आकाशाचा निळा रंग आणि पाण्यावरची चकाकीही बदलतो. तेव्हा कड्याच्या अखेरच्या टोकापर्यंत न जाणे, आणि त्याहून अधिक अंधार हवा असल्यास ठरलेल्या घनतेची साधी काच लावणे, हेच शहाणपणाचे ठरते.