अँजेलस

फ्रेंच वास्तववादी चित्रकार झां-फ्रांस्वा मिले (१८१४–७५) याचे ग्रामीण जीवनावरील विख्यात तैलचित्र. रचनाकाळ १८५७–५९, आकार सुमारे ५५.५ × ६६ सेंमी.; सध्या पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात.

चित्रविषय : तिन्हीसांजेला बटाट्याच्या शेतात एक पुरुष व एक स्त्री काम थांबवून उभी आहेत. त्याने टोपी काढून हातात धरली आहे. तिने हात छातीशी जोडले आहेत. दोघांमध्ये बटाट्याची टोपली, त्याच्या बाजूला मातीत रोवलेले दाताळे, तिच्या मागे पोती लादलेली हातगाडी. दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. उजेड पाठीमागून येत असल्याने चेहरे सावलीत आहेत आणि त्यांवरचे भाव नीट वाचता येत नाहीत.

अर्थ : अँजेलस म्हणजे सकाळ, दुपार व संध्याकाळच्या घंटेबरोबर म्हणायची कॅथलिक प्रार्थना. शेतात ही घंटा कानी पडली की आपली आजी सर्वांना काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावी, या आठवणीतून चित्र सुचल्याचे मिलेने १८६५ मध्ये नमूद केले. मनोरा त्याने मागाहून रंगवला व आजचे शीर्षकही नंतर दिले. आधी हे बटाट्याच्या पिकासाठी केलेल्या प्रार्थनेचे चित्र होते. चित्रकार साल्वादोर दाली याला मात्र हे जोडपे मुलाच्या दफनापाशी उभे असल्यासारखे वाटे. क्ष-किरण तपासणीत टोपलीखालच्या रंगथरात एक गडद भौमितिक आकार आढळला. तो शवपेटीचाच, हे सिद्ध झालेले नाही. दालीचे या चित्रावरील पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही माणसे पीक, मृत आप्त की स्वतःचे कष्ट यांपैकी कशाच्या विचारात आहेत, हे मिलेने चित्रात उघड केले नाही. चित्राचे खरे बळ या संयमात आहे.

ठाणे परिसरातून पाहताना : ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. त्यामुळे ठाणे, उत्तन व वसईच्या जुन्या कॅथलिक वस्त्यांना अँजेलसची संध्याकाळची घंटा परिचयाची आहे. कल्याण-मुरबाडकडच्या भातशेतकऱ्याच्या घरी त्याच वेळी दिवेलागण होते, देवापुढे हात जोडले जातात. मिलेने हे चित्र हाती घेतले त्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि युरोपीय वास्तववादी चित्रणाचे शिक्षण महाराष्ट्रात रुजले. त्या वळणाने बांधावरचा माणूस रंगवणाऱ्यासाठी अँजेलस आजही धडा आहे : अवजार, माती, उजेड चोख रंगवावा, मनातली गोष्ट पाहणाऱ्यावर सोपवावी.