लष्करी ट्रकच्या बारीक तक्रारी

दुसऱ्या महायुद्धातला लष्करी ट्रक आज कुणी हौसेनं विकत घेतला, की पहिल्याच आठवड्यात त्याच्या बारीकसारीक तक्रारी सुरू होतात. सेल्फ मारला तर इंजिन मरगळून फिरतं, दिवे मिणमिणतात, चढावर पेट्रोल पोचत नाही, ब्रेक एका बाजूला ओढतो. मग मालक आणि मेकॅनिक दोघंही वयावर खापर फोडतात. ऐंशी वर्षांची गाडी, दुसरं काय होणार? हे निदान मला मुळातच चुकीचं वाटतं. यातल्या बहुतेक तक्रारी गाडी नवी होती तेव्हाही होत्या, आणि त्या रोजच्या रोज निस्तरल्या जातील असं गृहीत धरूनच ती बांधली गेली. ते रोजचं काम मध्ये कधीतरी थांबलं. जुन्या लष्करी ट्रकची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः ते काम जिथे सुटलं तिथून पुन्हा हाती घेणं.

अमेरिकेच्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अडीच टनी ट्रकचंच उदाहरण घेऊ. 1941 ते 1945 या काळात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. सहा सिलिंडरचं सुमारे 4.4 लिटरचं पेट्रोल इंजिन, 6 व्होल्टची वीज, तिन्ही अ‍ॅक्सलना जोर आणि दहा चाकं. यात अवघड असं काहीच नाही, आणि ते मुद्दाम. हा ट्रक ज्यांच्या हाती जाणार होता, त्यांतल्या अनेकांना लष्करात येऊन काही महिनेच झाले होते. म्हणून अमेरिकी लष्करानं देखभालीच्या पाच पायऱ्या आखल्या. पाचवी पायरी म्हणजे गाडी पूर्ण उतरवून नव्यानं बांधणारा डेपो आणि पहिली पायरी म्हणजे खुद्द ड्रायव्हर. निघण्यापूर्वी, चालताना, थांब्यावर आणि परतल्यावर त्यानं काय काय पाहायचं, हे पुस्तिकेत नेमकं लिहिलेलं असे. पाणी, तेल, टायरमधली हवा, ढिले नट, गळती. पुस्तिका कुणी वाचत नाही हेही लष्कराला ठाऊक होतं. म्हणून ‘आर्मी मोटर्स’ या मासिकात विल आइस्नर या चित्रकारानं ‘जो डोप’ नावाचा हलगर्जी शिपाई रंगवला. गाडीची हेळसांड केली की काय होतं, हे त्या चित्रांतून शिकवलं जाई. बंद पडलेल्या ट्रकांचा खरा त्रास नसता, तर युद्ध चालू असताना एवढा खटाटोप कुणी केला नसता.

यावर एक आक्षेप हमखास येतो, तो रेड बॉल एक्स्प्रेसचा. 25 ऑगस्ट ते 16 नोव्हेंबर 1944 या काळात फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या सैन्याला याच ट्रकांनी अहोरात्र रसद पोचवली. 29 ऑगस्टला तर 5,958 वाहनांनी 12,342 टन माल वाहिला. तेव्हा देखभालीला उसंत कुणाला होती? तरी ट्रक चालले, मग रोजच्या निगराणीचं एवढं स्तोम कशाला? पण त्याच मोहिमेच्या लष्करी नोंदी पुढचं सांगतात. बॅटऱ्या कोरड्या पडल्या, नट-बोल्ट ढिले झाले, इंजिनं तेलावाचून झिजली, रस्त्यावर फेकलेल्या रेशनच्या डब्यांनी टायर फाटले. काही आठवडे ट्रक चालले ते आधीच्या निगराणीच्या पुंजीवर, आणि ती पुंजी लवकर संपली. याचा दोष ड्रायव्हरांवर टाकणं अन्यायाचं होईल. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश आफ्रिकन-अमेरिकन होते. वंशभेदाच्या धोरणामुळे कृष्णवर्णीय सैनिकांना मुख्यतः अशा सेवा-तुकड्यांतच नेमलं जाई. जादा माल भरून अहोरात्र चालवा, हा हुकूम वरून आलेला होता. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. आसामातल्या लेडोहून 12 जानेवारी 1945 रोजी लष्करी ट्रकांचा पहिला काफिला निघाला आणि 4 फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. तशा डोंगरी, चिखलाच्या रस्त्यावरही ट्रकचं आयुष्य रोजच्या निगराणीवरच ठरत होतं.

विजेची तक्रार जवळून पाहिली तर हे जास्त स्पष्ट होतं. 6 व्होल्टच्या गाडीत त्याच कामाला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून जोडातला थोडासा गंजही नडतो. त्या काळच्या अनेक ट्रकांच्या बॉनेटवर नंबरानंतर ‘एस’ हे अक्षर असे. गाडीच्या ठिणग्यांचा रेडिओला उपद्रव होऊ नये याची सोय केलेली आहे, अशी ती खूण. त्यासाठी इंजिन, चासी आणि बॉनेट यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या लावत, आणि जोडाखाली रंग खरवडून थेट पत्र्याला चावणारे दातेरी वॉशर घालत. आज गाडी सजवणारा माणूस त्या मळक्या पट्ट्या काढून फेकतो, पत्र्यावर जाड रंगाचे तीन हात देतो, आणि मग अर्थिंग मिळत नाही म्हणून बॅटरी बदलतो, सेल्फ बदलतो, शेवटी सगळी गाडी 12 व्होल्टवर नेतो. जोड घासून उजळ केले आणि बॅटरीची केबल मूळच्या जाडीची घातली, तर 6 व्होल्टवर ते इंजिन नीट सुरू होतं. लाखो वेळा झालेलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जग बदललं, पेट्रोल बदललं, मग 1943 ची पुस्तिका आज कशी पुरेल? इथे काही गोष्टी मान्य कराव्याच लागतील. भारतात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या पंपातला पडदा आणि रबरी नळ्या खराब करतं आणि टाकीच्या तळाशी बसलेला गंज सोडवून कार्बुरेटरपर्यंत नेतं. तेव्हा टाकी उतरवून आतून साफ करावी आणि पडदा इथेनॉल सोसणारा घालावा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी असल्यानं साध्या ऑक्टेनचं पेट्रोल त्याला पुरतं, त्याची काळजी नको. रबराला मात्र वय असतंच. ब्रेकचे होज आणि टायर वरून कितीही चांगले दिसोत, ते नवेच हवेत. हा अपवाद मान्य करूनही मूळ म्हणणं बदलत नाही. या सगळ्या कामांना पाने, ग्रीसगन, घासकागद आणि वेळ लागतो, नवं तंत्रज्ञान लागत नाही. फ्रेंच लष्करानं हेच ट्रक दुरुस्त करकरून युद्धानंतर कित्येक वर्षं वापरले, इंडोचीन आणि अल्जीरियातसुद्धा. घाईगर्दीत वापरून टाकायच्या गाड्या म्हणून त्यांना मोडीत काढणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

ज्यांनी असा ट्रक नुकताच घेतला असेल त्यांना एकच विनंती. इंजिनाचा आवाज ऐकण्याची घाई करू नका. आधी सगळ्या चाकांचे ब्रेक उघडून व्हील सिलिंडर पाहा, जुने होज काढा, ब्रेक ऑइल बदलून एअर काढा. गंजलेल्या लॉक रिंगच्या चाकात हवा भरायची असेल, तर ते काम पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच द्या. उडालेली रिंग माणूस मारते.