जात्यावरची ओवी
दळताना बायकांनी गायिलेले मराठी श्रमगीत. पहाटे दोघी जात्याला समोरासमोर बसत. खुंट्यावर दोघींचा हात, एकीचा मोकळा हात जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य सोडणारा. एकीने ओळ उचलायची, दुसरीने पुरी करायची. विषय माहेर, भाऊ, विठ्ठल. सासुरवासाचे गाऱ्हाणे माणसाला नव्हे, जात्याला सांगितलेले. अभ्यासक गी पॉइत्व्हाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा लाखभर ओव्या जमल्या. चक्की पिसणे ही इंग्रजी अमलात तुरुंगातली सक्तमजुरीही होती. तुरुंगातल्या श्रमाचीही गाणी असत: अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय कैदी कुऱ्हाडीच्या ठोक्यावर हाक-प्रतिसादाने गात. लोकगीतसंग्राहक लोमॅक्स पितापुत्रांनी १९३३ पासून ती गाणी ध्वनिमुद्रित केली. ब्लूज हा संगीतप्रकार या ध्वनिमुद्रणांआधीचा, पण गोत्र तेच: शेतमजुरांच्या आरोळ्या. ओवीला मात्र पिठाच्या गिरणीने गप्प केले.