लाखेचा किडा आणि टसरची अळी

मध्य भारताच्या पानझडी रानात दोन किड्यांवर शतकानुशतके माणसांची पोटे भरली: लाखेचा किडा आणि टसर रेशमाची अळी. दोघांचाही संसार झाडावर, पण तऱ्हा निराळी. लाखेची पिल्ले पळस, बोर किंवा कुसुमाच्या कोवळ्या डहाळीत सोंड रोवून रस शोषतात. मादी एकदा बसली की जागा सोडत नाही. अंगातून पाझरलेल्या राळेच्या कवचाखालीच ती संपते. टसरची हिरवी अळी ऐन-अर्जुनाची पाने खात हिंडते, चारदा कात टाकते आणि देठ असलेला टणक कोसा विणून फांदीला टांगते. लाखेच्या पिल्लांनी भरलेल्या, म्हणजे बीजलाखेच्या, काड्या झाडाला बांधल्या की पिल्ले आपण होऊन पसरतात. टसरच्या अळ्यांना मात्र पाखरे आणि मुंग्यांपासून सतत राखावे लागते. गडचिरोली-भंडाऱ्यात ही राखण परंपरेने ढिवर समाजाकडे आहे.

दोन्ही धंद्यांचा इतिहास रंगाने फिरवला. जेम्स कर यांनी १७८१ मध्ये लाखेच्या किड्याचे वर्णन लिहिले, आणि पुढे युरोपच्या बाजारात लाखेच्या लाल रंगाला मोठी मागणी आली. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना कृत्रिम रंग गवसला आणि काही दशकांतच लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. राळेने धंदा तारला. ग्रामोफोनच्या तबकड्या तिच्यापासून बनत, त्यामुळे मागणी वाढली. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाख संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये विनाइलची दीर्घ तबकडी आली आणि हाही आधार सुटत गेला. औषधाच्या गोळ्यांवरचा लेप, लाकडाचे पॉलिश आणि बांगड्या यांसाठी लाख आजही लागते.

टसरची अडचण नेमकी उलटी होती. त्याचा सोनेरी-तपकिरी धागा सहजी रंग धरत नसे. इंग्लंडमधल्या लीक गावचे रंगारी थॉमस वॉर्डल यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगवलेले टसर मांडले. त्यानंतर युरोपात टसरच्या मखमलीसारख्या कापडाला गिऱ्हाईक मिळाले. विदर्भातल्या कोष्टी विणकरांना मात्र त्या मूळ रंगातच सौंदर्य दिसले, आणि त्यांची पारख अधिक टिकाऊ ठरली. लाखेचे भाव परदेशी कारखान्यांनी चढवले-पाडले. टसरला घरचे गिऱ्हाईक राहिले. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची टसर साडी नागपूर-भंडाऱ्याकडे अजून हातमागावर विणली जाते, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.