खाली बसवलेल्या पिकअपचे मागचे सस्पेन्शन

पिकअप ट्रकचे मागचे सस्पेन्शन माणसासाठी नव्हे, मालासाठी आखलेले असते. हौदा रिकामा असताना गाडीची मागची बाजू उंच राहते आणि माल चढला की ती खाली येऊन गाडी सपाट होते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत जवळपास प्रत्येक पिकअपला मागे पाटेच असत. पोलादी पट्ट्यांची ही चळत घोडागाडीकडून आलेली. ओबाडाया इलियट या इंग्रज कारागिराने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले होते. पाटा भार पेलतो, ॲक्सलला जागेवर धरतो आणि चाकांचा रेटा चेसिसपर्यंत पोचवतो. तिन्ही कामे एकाच भागावर पडल्यामुळे त्याचे दोषही ठरलेले आहेत. पट्ट्या एकमेकींवर घासत असल्याने रिकामी गाडी दणके देते, आणि इंजिनाचा जोर वाढला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो व पाटा पिळवटतो.

१९६० मध्ये शेव्हरोलेने अर्ध्या टनाच्या सी-१० पिकअपमध्ये ही तीन कामे वेगळी केली. भार कॉईल स्प्रिंगकडे गेला. ॲक्सलला पुढे-मागे धरण्याचे काम दोन लांब भुजांनी घेतले. त्यांची मागची टोके यू-बोल्टने ॲक्सलला घट्ट आवळलेली असतात, तर पुढची टोके एकमेकींजवळ येत चेसिसच्या आडव्या तुळईला रबरी बुशांवर अडकतात. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून चेसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये एक तिरपा दांडा बसवला. पानहार या फ्रेंच कंपनीच्या नावाने तो ओळखला जातो. या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट भुजांच्या छेदात आहे. नालीसारख्या आकाराच्या दोन पत्र्यांच्या पाठी एकमेकींना लावून रिव्हेट मारल्या की भुजेचा छेद आय अक्षरासारखा होतो. अशी भुजा वाकत नाही, पण पिळली जाते. वळणावर गाडी एका बाजूला कलते तेव्हा भुजांना पीळ सोसावाच लागतो. त्या जागी बंद नळी असती, तर सगळी मागची बाजू जखडून गेली असती.

या रचनेची खरी पावती शर्यतीच्या मैदानात मिळाली. नॅस्कार या अमेरिकी शर्यतींच्या गाड्यांनी पिकअपच्या या भुजा उचलल्या, आणि त्यांच्या सर्वोच्च कप मालिकेत त्या २०२१ च्या हंगामापर्यंत टिकल्या. २०२२ मध्ये नव्या गाडीबरोबर स्वतंत्र मागचे सस्पेन्शन आले तेव्हाच त्या निवृत्त झाल्या. हौद्यात माल वाहण्यासाठी काढलेली मांडणी ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाला पुरली, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र शोधण्याची गरज नाही. शेव्हरोलेने मात्र १९७३ च्या नव्या पिढीत पुन्हा पाट्यांची वाट धरली. फोर्ड आणि डॉज यांनी आपल्या नेहमीच्या पिकअपमध्ये पाटे सोडलेच नव्हते.

गाड्या खाली बसवण्याची हौस कॅलिफोर्नियात युद्धानंतर फोफावली, आणि तिच्यात मेक्सिकन वंशाच्या तरुणांचा वाटा मोठा होता. तिथल्या सरकारने १ जानेवारी १९५८ पासून एक नियम लागू केला: गाडीत बदल करून तिचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली आणता येणार नाही. तोडगा लगेच निघाला. विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा उचलायची आणि हवी तेव्हा टेकवायची. रॉन अगिरे याची १९५९ च्या सुमाराची एक्स-सॉनिक ही कॉर्व्हेट या प्रकारातली आद्य गाडी मानली जाते. तो नियम थेट १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला.

पिकअप खाली आणताना पाट्यांच्या गाडीवर एक जुनी युक्ती चालते. कारखान्यातून येताना ॲक्सल पाट्याखाली असतो, तो पाट्यावर चढवायचा. एवढ्याने गाडी पाच-सहा इंच उतरते. मात्र ॲक्सल चेसिसच्या इतका जवळ येतो की खड्ड्यात आपटण्याची वेळ येते. म्हणून ॲक्सलच्या वर चेसिसला खालच्या बाजूने अर्धगोल खाच पाडून तिथे जाड पोलादी पट्टी जोडतात. हे वेल्डिंग नवशिक्याने करण्याचे काम नाही, कारण ती खाच चेसिसच्या ताणाच्या जागी पडते.

कॉईल स्प्रिंगच्या सी-१० वर आखूड स्प्रिंग घालणे सोपे असते, पण खरी अडचण पानहार दांड्यापाशी येते. दांड्याचे एक टोक चेसिसला आणि दुसरे ॲक्सलला असल्याने चेसिस खाली आला की दांड्याचा कल बदलतो आणि ॲक्सल एका बाजूला सरकतो. एका बाजूचे चाक हौद्याच्या आत शिरते, दुसऱ्या बाजूचे बाहेर डोकावते. मूळ दांडा आखूड असल्यामुळे हा दोष वाढतो. नव्या उंचीवर जमिनीला समांतर राहील असा लांब, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा घातला की तो जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय भुजांची पुढची टोके चेसिसबरोबर उतरतात आणि डिफरन्शियलचे तोंड खाली झुकते. युनिव्हर्सल जॉइंटचा कोन बिघडला की वेगात गाडी थरथरते. भुजा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून हा कोन दुरुस्त करता येतो. शॉक ॲब्सॉर्बरही आखूड घ्यावे लागतात, नाहीतर ते पूर्ण दबून तळाला आपटतात.

स्प्रिंगच्या जागी बसणारे हवेचे फुगेही आधी जड वाहनांमध्येच रुळले. जनरल मोटर्सच्या बसगाड्यांमध्ये ते १९५० च्या दशकात आले आणि १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये मोटारीपर्यंत पोचले. पुढे हौशी लोकांनी तेच फुगे पिकअपखाली घातले. गाडी पूर्ण टेकवायची तर ॲक्सलला खूप मोठा प्रवास करावा लागतो आणि तेवढ्या प्रवासात मूळ भुजा, दांडा, कोन सगळेच अपुरे पडते. तिथे चार दांड्यांची मांडणी लागते. वरचे दोन दांडे तिरपे ठेवले तर पानहार दांडाच नको होतो. शेव्हरोलेच्या १९६४ च्या शेव्हेल मोटारीत कारखान्यानेच असे केले होते. आडव्या हालचालीसाठी वॅटची जोडणी हा दुसरा पर्याय. जेम्स वॅटने ती १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी शोधली होती.

म्हणूनच १९६० ते १९७२ ची सी-१० तीन-चार इंच उतरवून रोज चालवायची असेल, तर मूळ भुजा ठेवून दांडा, पाचर आणि शॉक बदलणे हीच सर्वांत योग्य निवड. पाट्यांच्या गाडीला ॲक्सल वर चढवून चेसिसला खाच पाडणे पुरते. चार दांड्यांचा खर्च फक्त गाडी जमिनीला टेकवायची असेल तरच करावा.