बाळंतिणीचा आसरा : पुणे, १८६३

१/ एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाळंतपण हे एकटीने निभावण्याचे काम नव्हते. पहिलटकरीण माहेरी येई. आई, मावशी, सुईण आणि शेजारच्या अनुभवी बायका तिच्याभोवती असत. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा, बारसे, सव्वा महिन्याची विश्रांती असा सारा क्रम ठरलेला असे. त्यात सोयर-विटाळाचा जाच होता, हे खरे. तरीही नव्या आईला एकटी न सोडण्याची ती एक व्यवस्था होती.

२/ मात्र ही व्यवस्था सौभाग्यवतीसाठी होती. बालविवाहामुळे कित्येक मुलींना कळत्या वयाआधीच वैधव्य येई. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण उच्चवर्णीय समाजाने ती स्वीकारली नाही. अशा स्त्रीला दिवस गेले की तिच्यासाठी माहेरचेही दार बंद होई. उरत ते तीनच मार्ग : गर्भपाताची विषारी औषधे, आत्महत्या किंवा जन्मलेल्या मुलाची हत्या.

३/ पुण्यातील काशीबाई अशीच एक ब्राह्मण विधवा. ती स्वयंपाकाची कामे करून पोट भरी. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. त्याने हात झटकले. लोकलज्जेच्या भीतीने तिने नवजात मुलाला मारून विहिरीत टाकले. न्यायालयाने तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शास्त्री मात्र मोकळाच राहिला.

४/ जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी या घटनेकडे केवळ गुन्हा म्हणून पाहिले नाही. काशीबाईला त्या रात्री एक सुरक्षित खोली आणि धीर देणारे एक माणूस मिळाले असते, तर ते मूल जगले असते, असा त्यांच्या पुढच्या कृतीचा अर्थ आहे. १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले.

५/ ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांवर त्यांनी छापील जाहिराती लावल्या. आशय साधा होता : येथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे की ठेवून जावे, हे आईने ठरवावे. यातील शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. ज्या स्त्रीच्या आयुष्यातील प्रत्येक निर्णय इतरांनी घेतला होता, तिला येथे पहिल्यांदा निवड मिळत होती.

६/ माहेराने नाकारले ते सारे येथे सावित्रीबाई देत होत्या : प्रसूतीच्या वेळचा हात, बाळाचे संगोपन, आणि दोष न देणारी सोबत. त्या काळी मानसिक आरोग्य हा शब्द नव्हता. त्याची गरज मात्र होती.

७/ या कामाचे यश फुगवून सांगण्याचे कारण नाही. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देताना जोतीरावांनीच आकडे दिले : तोवर ३५ विधवा आल्या, पण मुले जगली अवघी ५. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांना त्यांनी याचे कारण मानले. घाबरलेली स्त्री दारापर्यंत पोहोचे तोवर फार उशीर झालेला असे.

८/ याच गृहात आणखी एका विधवेने मुलाला जन्म दिला. तिचेही नाव काशीबाई असल्याने दोन्ही कथांची अनेकदा गल्लत होते. ते मूल म्हणजे यशवंत. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

९/ हा प्रश्न पुण्यापुरता नव्हता. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असेच गृह काढले. १८८१ मध्ये सुरतच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली. पुढे ती शिक्षा कमी झाली. त्यावेळी वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले.

१०/ इंग्लंडने १९२२ मध्ये कायदा करून मान्य केले की प्रसूतीनंतर आईच्या मनाचा तोल ढळू शकतो आणि अशा वेळी बालहत्या हा खून ठरू नये. त्याच सत्तेखालच्या भारतात मात्र असा स्वतंत्र कायदा झाला नाही.

११/ पुढे २००२ मध्ये गोव्यातील मातांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, पतीकडून होणारी हिंसा आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. या माता विवाहित होत्या, समाजमान्य होत्या. तरीही आतून एकट्या होत्या.

१२/ म्हणजे सव्वा महिन्याची प्रथा असली की आधार असतोच, असे नाही. आधार माणसे देतात, प्रथा फक्त त्यांना एकत्र आणते. ज्यांच्यासाठी कोणीच एकत्र येणार नव्हते, त्यांच्यासाठी स्वतःचे मूल नसलेल्या एका जोडप्याने आपले घर उघडले, हा १८६३ च्या पुण्याचा इतिहास आहे.